स्वतःसाठी फुलांच्या सुगंधाचे परफ्यूम घेताना पारख कशी करावी?

प्रश्न:
आजवर माझ्याकडे आलेली सगळी परफ्यूम कुणी ना कुणी भेट दिलेली होती आणि संपेपर्यंत मी ती निमूटपणे वापरली. या वेळी मात्र केवळ स्वतःच्या हौसेसाठी फुलांच्या सुगंधाची एक चांगली बाटली घ्यायचे ठरवले आहे. परवा दुकानात चमेलीचे एक परफ्यूम कागदी पट्टीवर इतके आवडले की लगेच घ्यावेसे वाटले. पण तेच मनगटावर लावल्यावर तासाभराने त्याला डांबरगोळ्यांसारखा जड वास येऊ लागला आणि मी रिकाम्या हाताने परतले. दोष परफ्यूमचा होता की माझ्या त्वचेचा?

प्रतिसाद १:
ताई, दोष दोघांचाही नाही. चमेलीच्या फुलात इंडोल नावाचे द्रव्य मुळातच असते. ते अगदी थोडे असले की सुगंधाला नुकत्याच उमललेल्या फुलाचा जिवंतपणा येतो आणि प्रमाण वाढले की नेमकी डांबरगोळ्यांची आठवण होते, त्यामुळे तुमच्या नाकाने बरोबरच ओळखले आहे. पट्टीवर तुम्हाला आवडले ते बहुधा सुरुवातीचे हलके घटक असावेत. ते थोड्याच वेळात उडून जातात, मग फुलांचा मुख्य गंध वर येतो आणि सर्वांत शेवटी चंदन, कस्तुरी, व्हॅनिला यांसारखे जड घटक रेंगाळतात. त्वचेच्या उबेमुळे हे सारे कागदापेक्षा लवकर घडते. म्हणून मनगटावर लावून दुकानाबाहेर पडावे आणि चार-पाच तास जाऊ द्यावेत.

चमेली आवडते पण तिचा जडपणा नको असेल, तर हेडिओन हे द्रव्य भरपूर असलेली परफ्यूम हुंगून पाहा. त्याला चमेलीचीच, पण हवेशीर आणि पारदर्शक झाक असते. परफ्यूम रचणारे फ्रेंच कलावंत एदमों रूदनित्स्का यांनी १९६६ साली डिओरच्या ‘ओ सोवाज’मध्ये ते वापरले आणि त्यानंतर ते असंख्य परफ्यूममध्ये आले. त्यांचेच १९५६ सालचे ‘डिओरिसिमो’ही अवश्य पाहावे. ते ज्या ‘लिली ऑफ द व्हॅली’च्या गंधावर उभे आहे, त्या फुलाचे सुगंधी तेल व्यवहारात मिळतच नाही, तो गंध इतर द्रव्यांतून रचावा लागतो. न मिळणारे फूल कुणीतरी असे जुळवून आणावे, याचे मला आजही अपार कौतुक वाटते.

प्रतिसाद २:
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, मात्र इंडोलला इतक्या लवकर नकार देऊ नये, असे मला वाटते. निशिगंधाचे परफ्यूम मला पहिल्या दिवशी असह्य झाले होते. पुढे मानेवर तीन फवारे मारण्याऐवजी ओढणीच्या टोकाला एकच फवारा मारून पाहिला, तेव्हा तोच गंध चालताना मधूनच झुळुकीसारखा येऊ लागला आणि आज ते माझे सर्वांत लाडके परफ्यूम आहे. (नाजूक किंवा फिक्या रंगाच्या कापडावर डाग पडू शकतो, तेवढे जपावे.) आणखी एक गोष्ट म्हणजे आपले नाक सततच्या वासाला सरावते, त्यामुळे स्वतःला येईनासा झाला म्हणून परफ्यूम उडाले असे समजून पुन्हा फवारू नये. शेजारी बसणाऱ्याला विचारावे.

प्रतिसाद ३:
बाटलीवरचे शब्दही वाचावेत. ‘ओ द तॉयलेट’मध्ये सुगंधद्रव्यांचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असते, तर ‘ओ द पार्फम’मध्ये साधारण १५ ते २० टक्के. एकाच नावाच्या या दोन प्रकारांची घडणही पुष्कळदा वेगळी असते, म्हणून एक आवडले की दुसरे आवडेलच असे धरून चालू नये. नमुन्याची छोटी कुपी मिळत असेल तर आधी तीच घ्यावी आणि बाटली घेतल्यावर ती ऊन व उष्णतेपासून दूर, कपाटात ठेवावी.

मूळ प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. त्याच चमेलीची कुपी आणली असून आज ती मनगटाऐवजी ओढणीवर लावली आहे. तीन तास झाले, डांबरगोळ्या अजून आलेल्या नाहीत. उद्या ‘डिओरिसिमो’ लावून पाहते आणि मगच ठरवते.