जँगो: एकच कार्ड टेंपलेट दोन पेजवर, पण सर्चमध्ये किंमत गायब

नवखा_पायथॉन:
मंडळी, जँगोमध्ये (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) पुस्तकांच्या दुकानाची साईट करतोय. पुस्तकाचं कार्ड (कव्हर, नाव, लेखक, किंमत, खाली 'पिशवीत टाका' बटण) वेगळ्या फाईलमध्ये काढलं, होमपेजवर इन्क्लुड केलं, मस्त चाललं. तेच सर्चच्या पेजवर टाकलं तर कार्डं येतात सगळी पण कोरी, नुसतं ₹ चिन्ह आणि पुढे काहीच नाही. एरर नाही, टर्मिनलवर पण शांतता. व्ह्यूमध्ये (पेजला डेटा पुरवणारं पायथॉन फंक्शन) प्रिंट करून बघितलं, डेटा तर येतोय, मग मधेच सांडतोय कुठे? होमपेजवर लूप 'फॉर बुक इन बुक्स' आहे आणि सर्चमध्ये 'फॉर आयटम इन रिझल्ट्स', त्याचा काही संबंध असेल का?

डोंबिवली_लोकल:
असेल का काय, तोच आहे. इन्क्लुडला तू वेगळं काही दिलं नाहीस तर त्या जागी जे व्हेरिएबल असतील तेवढेच त्याला दिसतात. कार्ड मागतंय 'बुक', सर्चच्या लूपमध्ये बुक नावाचं कोणी नाहीच, आणि जँगोची खोड अशी की व्हेरिएबल सापडलं नाही तर गुपचूप रिकामी स्ट्रिंग छापून मोकळा होतो. इन्क्लुडच्या टॅगमध्येच पुढे विथ लिहून बुक=आयटम दे आणि शेवटी ओन्ली टाक, मग बाहेरचं काही आत येणार नाही आणि कार्डाला काय काय लागतं ते त्या एका ओळीतच दिसतं. = च्या आजूबाजूला स्पेस सोडू नकोस, चालत नाही.

आणि असलं काही शोधायचं असेल तर सेटिंग्जमध्ये टेंपलेट्सच्या ऑप्शन्समध्ये स्ट्रिंग_इफ_इनव्हॅलिड असतं, त्यात काहीतरी ठळक मजकूर टाकून बघ, जिथे जिथे पोकळी आहे तिथे तो दिसेल. फक्त लोकलला आणि तात्पुरतं हां, अ‍ॅडमिनची टेंपलेट्स पण त्या रिकाम्या स्ट्रिंगच्या भरवशावर आहेत. इफच्या आत मात्र हे दिसत नाही, तिथे न सापडलेलं None (म्हणजे 'काहीच नाही') धरलं जातं.

नवखा_पायथॉन:
भारी, किंमत आली! पण आता 'पिशवीत टाका' दाबलं की 403 (परवानगी नाही), सीएसआरएफ म्हणतंय, म्हणजे फॉर्म आपल्याच साईटवरून आलाय का ती तपासणी. फॉर्ममध्ये टोकनचा टॅग आहे. ओन्ली काढलं की परत चालतं, हे काय गौडबंगाल?

सर्व्हर_साईड_ताई:
गौडबंगाल काही नाही रे, ओन्लीने टोकनलाही दाराबाहेर ठेवलं. युजर, रिक्वेस्ट, मेसेजेस हे सगळं कॉन्टेक्स्ट प्रोसेसरकडून (प्रत्येक टेंपलेटला आपोआप व्हेरिएबल पुरवणारी फंक्शन्स) येतं, ओन्ली लावलं की तेही आत येत नाही. विथमध्येच सीएसआरएफ_टोकन=सीएसआरएफ_टोकन जोड, झालं.

पण मी असल्या कार्डाला सरळ इन्क्लुजन टॅग करते, म्हणजे कार्डाचं टेंपलेट छापणारा आपला स्वतःचा टॅग. अ‍ॅपमध्ये टेंपलेटटॅग्ज फोल्डर, त्यात __init__.py फाईल, एक छोटं पायथॉन फंक्शन जे पुस्तक घेतं आणि डिक्शनरी देतं. टोकन हा टॅग आपणहून पुढे नेतो, आणि मुख्य म्हणजे पुस्तक द्यायला विसरलास तर धडधडीत एरर येते, कोरं कार्ड नाही. फाईल नवीन केल्यावर सर्व्हर रीस्टार्ट कर, आणि ज्या टेंपलेटमध्ये वापरशील तिथे लोड लिहावंच लागतं, बेसमध्ये लिहिलेलं एक्स्टेंड करणाऱ्या पानाला मिळत नाही, इथे बरेच जण अडकतात.

डोंबिवली_लोकल:
ताई, दोन पानांसाठी एवढा घाट कशाला, विथ पुरे आहे. कार्डाच्या आत डिस्काउंटचं गणित वगैरे आलं की मग टॅग.

बाय द वे, कार्डात लेखकाचं नाव आहे ना? लेखक फॉरेन की (दुसऱ्या टेबलकडे बोट दाखवणारं फील्ड) असेल तर प्रत्येक कार्डामागे डेटाबेसला एक जादा क्वेरी जातेय, टेंपलेट कितीही नीट लिही. होम आणि सर्च, दोन्ही व्ह्यूमध्ये सिलेक्ट_रिलेटेड लाव (पुस्तकाच्या क्वेरीतच लेखकही येतो), आणि डीबग टूलबारमध्ये क्वेरींचा आकडा आधी किती होता नंतर किती झाला ते इथे टाक.