ऑनलाइन स्वस्त, पण हातात किती पडतं?

ऑनलाइन पन्नास डॉलर वाचतात, मग गावातल्या गन शॉपमध्ये कशाला जायचं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण इथे अमेरिकेत ऑनलाइन दुकानातून मागवलेली बंदूक घरपोच येत नाही, परवानाधारक दुकानदाराकडेच येते. बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ त्याच्याच काउंटरवर भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी त्यानेच करायची, आणि बंदूक तुमच्या नावे करून देण्याची त्याची ट्रान्सफर फी वेगळी. मग वाचले किती?

मोठ्या साखळी दुकानांचा भरवसाही नाही. वॉलमार्टने २०१९ मध्ये पिस्तुलाच्या गोळ्यासुद्धा बंद करायचं ठरवलं.

माझी शॉटगन मी छोट्या दुकानातून घेतली. म्हाताऱ्या मालकाने चार बंदुका खांद्याला लावून बघायला दिल्या. दस्ता मला लांब पडतोय, मान पुढे ताणली जातेय, हे माझ्याआधी त्याला दिसलं. त्याने आतून आखूड दस्त्याची काढून आणली. हे स्क्रीनवर कोण सांगणार?

आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर आधी दुकानदाराला विचाराच. ग्रीन कार्ड नसताना बहुतेकांना इथला शिकारीचा वैध परवाना लागतो. माझ्या एका मित्राने आधी पैसे भरले, बंदूक दुकानातच अडकली.