स्लॅबवरच्या ५जी डब्ब्याच्या नेटला स्टॅटिक आयपी मिळतो का? (गोडाऊनचे कॅमेरे आणि टॅली)

बी_बियाणंवाला

रामराम मंडळी. औसा तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. दुकान रोडला, गोडाऊन गावात घराच्या मागं. आधी तालुक्याच्या एका नेटवाल्याचं अँटेनाचं नेट होतं. स्पीड रडत-पडत, पण त्यानं पक्का आयपी (नेटवरचा न बदलणारा पत्ता, म्हणजे स्टॅटिक आयपी) दिला होता. कॅमेरेवाल्या पोरानं राउटरमधी पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून दिलं होतं, मोबाईलमधी आकडा टाकला की थेट गोडाऊन दिसायचं.

आता मोठ्या कंपनीचं बिनतारी ५जी घेतलंय. फायबर फाट्यापर्यंत आलंय, गावात कुणी ओढलं नाही. स्लॅबवर पाण्याच्या टाकीशेजारी पांढरा डब्बा, तिथून एक वायर खाली, तिला आडॅप्टर, मग हॉलमधी राउटर. स्पीडला नाव ठेवायला जागा नाही, पोरीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल येतो तो अडकत नाही. पण कॅमेरे बंद पडले ते पडलेच. त्याच पोरानं येऊन तसंच पोर्ट उघडलं, तरी दिसंना गेलंय.

कस्टमर केअरला फोन केला तर एकजण म्हणतो स्टॅटिक आयपी मिळंल, एक बाई म्हणतात बिझनेस प्लॅन घ्या, आणि तिसऱ्यानं राउटर बंद करून परत चालू करायला लावलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगं वाद नको.

दुसरं, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) गोडाऊनच्या पीसीवर आहे. मृग लागला की दुकानात मान वर करायला सवड नसते. डीएपीची पोती किती उरली ते दुकानातनंच बघता आलं पाहिजे, दरवेळी दिवाणजीला फोन लावून चालत नाही. इथले काही जण म्हणायलेत की दुसऱ्या कंपनीचं सिम टाकायचं राउटर घ्या, त्याला आयपी मिळतो. खरं का?

गोदाकाठ

एवढा ताण कशाला घेताय? डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या पेटीच्या) कंपनीचं ॲप टाका, डीव्हीआरच्या स्क्रीनवरचा क्यूआर स्कॅन करा, कॅमेरे दिसतील. आमच्या नांदेडात सगळ्या दुकानांत तसंच चालू आहे. आयपी-बियपीची गरज नाही.

बी_बियाणंवाला

ते केलंय भाऊ. दिसतंय, पण उघडायला वेळ लागतो, आणि आठातले दोन-तीन कॅमेरे नुसतेच गोल फिरत बसतात. आणि टॅलीचं काय? त्याला क्यूआर कुठून आणू?

रात्रपाळी_लातूर

दादा, पैसे कुठंही भरायच्या आधी एक तपासणी करा. मोबाईल घरच्या वायफायवर ठेवून राउटरचं पान उघडा (पत्ता राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर असतो). त्यात वॅन आयपी किंवा इंटरनेट स्टेटस असं काहीतरी असेल, तिथला आकडा लिहून घ्या. मग गुगलवर ‘माझा आयपी’ शोधून जी साइट येईल ती काय दाखवते ते बघा. दोन्ही आकडे वेगळे असतील आणि राउटरमधला १०.ने सुरू होत असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागं आहात, म्हणजे कंपनी बऱ्याच गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा आयपी वापरते. माझी पैज आहे की आहात.

स्टॅटिक आणि पब्लिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि केअरवाले दोन्ही एकाच टोपलीत टाकतात. आयपी नुसता बदलता असता तर डीडीएनएसनं (बदलत्या आयपीला एकच कायमचं नाव देणाऱ्या सोयीनं) भागलं असतं, फुकटात. तुमच्याकडं पब्लिक, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा आयपीच नाही. अख्ख्या वाड्याला एकच दरवाजा, आणि दारावरचा माणूस आतून बाहेर गेलेल्यालाच परत आत घेतो, अनोळखी पाहुण्याला हाकलून देतो, असा प्रकार आहे. तुमच्या पोरानं तुमच्या खोलीचं दार उघडलं, ते बरोबरच उघडलं असेल. पण वाड्याचा दरवाजा कंपनीच्या हातात आहे.

हे कंपन्यांनी हौसेनं केलेलं नाही. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या आयपीचे, पत्ते एकूण ४२९ कोटीच, त्यातले बरेच वापरातही येत नाहीत. जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले, आपल्या आशिया-पॅसिफिकचा नेहमीचा कोटा त्याच वर्षी एप्रिलमध्ये संपला. मग २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा पट्टा खास या कामासाठी राखून ठेवला. ४जी-५जीची मोठी जाळी त्यानंतर उभी राहिली, ती पहिल्यापासून अशीच. तुमच्या जुन्या नेटवाल्याकडं गिऱ्हाईक कमी असणार, त्याला एक पत्ता देणं परवडत होतं.

म्हणून सिमवाल्या राउटरच्या नादी लागू नका. साधं सिम कुठल्याही कंपनीचं घ्या, बहुतेक याच दरवाजामागं बसाल. घरगुती बिनतारी प्लॅनवर स्टॅटिक आयपी सहसा देत नाहीत. बिझनेस कनेक्शनवर मिळू शकतो, पण घेणार असाल तर ‘पब्लिक स्टॅटिक आयपीव्ही४, बाहेरून येणारं कनेक्शन उघडं’ एवढं ईमेलवर लेखी घ्या, मगच चेक फाडा. फोनवरच्या ‘हो सर’ला काही किंमत नाही.

आणि खरं सांगू का, तुमच्या कामाला स्टॅटिक आयपी लागतच नाही. गोडाऊनच्या पीसीवर टेलस्केल टाका, म्हणजे तुमची लांबलांबची उपकरणं एकाच खाजगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर. एका माणसाच्या घरगुती वापराला फुकट आहे, धंद्यासाठी कायमचं वापरायचं तर त्यांचा पैसेवाला प्लॅन बघा. आत वायरगार्ड (दोन उपकरणांमधी कुलूपबंद बोगदा तयार करणारी पद्धत) आहे, म्हणजे सगळं कुलूपबंद जातं. पीसी स्वतःच आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळं दारावरचा माणूस अडवत नाही. तुमच्या मोबाईलवर आणि दुकानाच्या पीसीवर त्याच खात्यानं लॉगिन करा. डीव्हीआरवर काही टाकता येत नाही, म्हणून गोडाऊनच्या पीसीला ‘सबनेट राउटर’ करा, म्हणजे तो डीव्हीआरपर्यंतचा रस्ता इतरांना दाखवेल. तो रस्ता टेलस्केलच्या वेबसाइटवर जाऊन मंजूरही करावा लागतो. इथं बरेच जण अडकतात, पीसीवर सगळं केलेलं असतं आणि मंजुरीची खूण राहिलेली असते. त्याच पानावर त्या पीसीची ‘की एक्स्पायरी’ बंद करा. नाहीतर १८० दिवसांनी तो आपोआप बाहेर पडेल, आणि ते नेमकं सोयाबीनच्या आवकेत होईल.

टेलस्केलमध्ये पीसीचा पत्ता १००.ने सुरू होणारा दिसेल, तो बघून दचकू नका. त्यांनी आतल्या वापराला तोच राखीव पट्टा घेतलाय, तुमच्या कंपनीशी त्याचा संबंध नाही.

पीसीची झोप बंद करा. आणि बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानावर) लाइट आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग असते, ती चालू करा. मी लातूर-निलंगा पट्ट्यात हेच काम करतो, अर्ध्या तक्रारी नेटच्या नसतातच. रात्री लाइट गेलेली असते आणि सकाळी पीसीचं बटण दाबायला कुणी नसतं.

आयपीव्ही६_धाराशिव

रात्रपाळी, तुम्ही आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) विसरलात. भारतातली मोबाईल नेटवर्कं त्यात जगात पुढं आहेत, या डब्ब्यांवर प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पब्लिक पत्ता मिळतो. सीजीनॅट आयपीव्ही४ पुरताच. डीडीएनएसमध्ये आयपीव्ही६ ची नोंद टाका आणि थेट जोडा, मधे परक्या कंपनीचं सॉफ्टवेअर कशाला?

रात्रपाळी_लातूर

विसरलो नाही, मुद्दाम सोडलं. पत्ता मिळतो हे बरोबर. पण कंपनीच्या राउटरचा फायरवॉल बाहेरून येणारं बंद ठेवतो आणि ते उघडायची सेटिंग बऱ्याच डब्ब्यांत गिऱ्हाइकाला दाखवतच नाहीत. पत्त्याचा पुढचा भाग बदलत राहतो. जुन्या डीव्हीआरला आयपीव्ही६ कळत नाही, आणि दुकानाच्या नेटला आयपीव्ही६ नसेल तर तिकडून पोचताच येणार नाही. तुमच्यासारख्याला जमेल, दादांना पेरणीच्या तोंडावर हे करायला लावणं बरोबर नाही.

परभणी_एपीआय

याच धाग्यात विचारतो, माझं उलटं आहे. कॅमेरे नाहीत, शेअर ब्रोकरच्या एपीआयवरून (प्रोग्रामनं थेट ऑर्डर द्यायच्या सोयीवरून) स्वतःचा छोटा प्रोग्राम ऑर्डर टाकतो. सेबीचं फेब्रुवारी २०२५ चं परिपत्रक आल्यापासून ब्रोकर स्टॅटिक आयपी नोंदवायला सांगतोय. घरी असंच ५जीचं नेट. टेलस्केलनं माझं काम होईल का?

रात्रपाळी_लातूर

नुसत्या टेलस्केलनं नाही. दादांना बाहेरून आत यायचंय, तुम्हाला आतून बाहेर जाताना कायम एकाच पत्त्यानं दिसायचंय. तुम्ही मुंबईच्या डेटासेंटरमधला एक छोटा व्हीपीएस (नेटवरून वापरायचा, कायम चालू असणारा संगणक) भाड्यानं घ्या. त्याच्याबरोबर पक्का आयपीव्ही४ येतो, तो ब्रोकरकडं नोंदवा. शक्य असेल तर प्रोग्रामच तिथं चालवा, घरची लाइट गेली तरी ऑर्डर अडकत नाही. घरूनच चालवायचा असेल तर घर ते व्हीपीएस वायरगार्ड टाका आणि ब्रोकरकडं जाणारी वाहतूक त्यातून वळवा. घराच्या बाजूला कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा अधूनमधूनचा इशारा) २५ सेकंद ठेवा, नाहीतर सीजीनॅट तुमची मोकळी बसलेली जोडणी विसरून जातं. नोंदवायच्या आधी असा आयपी चालतो का ते ब्रोकरलाच विचारा.

बी_बियाणंवाला

रात्रपाळी भाऊ, तुम्ही पैज जिंकली. राउटरमधी १००.७ का काहीतरी दिसतंय... नीट बघून लिहितो, १००.७२. आणि साइटवर वेगळाच आकडा.

टेलस्केल टाकलं, भाच्यानं मदत केली. मंजुरीची खूण तुम्ही लिहिली होती म्हणून सापडली. आता मोबाईल डेटावर आठही कॅमेरे दिसायलेत, खताच्या थप्पीवरची मांजर सुदीक. पण दुकानात वायफायला जोडलं की कॅमेरे गायब! टॅलीचा पीसी तिथूनही सापडतो, डीव्हीआर तेवढा सापडत नाही. हे काय गौडबंगाल?

रात्रपाळी_लातूर

दुकानाचा राउटर १९२.१६८.१ चा आहे ना? आणि घरचाही? मग झालं. डीव्हीआर १९२.१६८.१ मधला काहीतरी पत्ता आहे, दुकानातल्या मोबाईलला वाटतं की तो याच दुकानात आहे, मोबाईल टेलस्केलच्या बोगद्यात जातच नाही, इथंच शोधत बसतो. पीसीला टेलस्केलचा स्वतःचा पत्ता असल्यामुळं तो सापडतो.

घरच्या राउटरच्या लॅन (घरातल्या जाळ्याच्या) सेटिंगमध्ये १९२.१६८.१ च्या जागी १९२.१६८.५० करा. मग डीव्हीआरमध्ये हातानं टाकलेला आयपी असेल तर तोही आणि त्याचा गेटवेही (तिथं टाकलेला राउटरचा पत्ता) ५० चा करा. हे काम डीव्हीआरच्या समोर बसून, माऊस जोडून करा, मोबाईलवरून करायला गेलात तर मधेच तुटेल. शेवटी टेलस्केलमध्ये जुना रस्ता काढून नवीन टाका आणि परत मंजूर करा.

टॅलीसाठी रिमोट डेस्कटॉप (लांबून त्या पीसीची स्क्रीन चालवायची विंडोजची सोय) वापरणार असाल तर गोडाऊनच्या पीसीवर विंडोज प्रो लागेल, होमवर बाहेरून आत येता येत नाही. आणि तुम्ही आत शिरलात की दिवाणजीची स्क्रीन लॉक होते, बिलं फाडताना त्याला बाहेर काढू नका. टॅलीतच रिमोट लॉगिनची सोय आहे, लायसन्स चालू असेल तर आधी ती बघा. दोघांना एकाच वेळी काम करायचं असेल तर तुमचं लायसन्स सिल्व्हर आहे की गोल्ड ते तपासा, सिल्व्हर एकाच पीसीचं असतं.

आणखी एक. जुन्या पक्क्या आयपीवर तुमचा डीव्हीआर अख्ख्या जगाला उघडा होता. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असेच कॅमेरे-डीव्हीआर कारखान्यातल्या पासवर्डावर पकडून मोठमोठ्या साइट पाडल्या होत्या. त्या पोरानं पासवर्ड बदलला होता का ते बघा, नसेल तर आत्ताच बदला. राउटरमधलं उघडलेलं पोर्टही बंद करा, त्याचा आता उपयोग नाही. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट तर पुढं कधी पब्लिक आयपी मिळाला तरी उघडू नका. खंडणीवाले व्हायरस बऱ्याचदा तिथूनच येतात, आणि टॅलीचा डेटा गेला की जीएसटीच्या वेळी कुणी ऐकून घेत नाही.

बी_बियाणंवाला

५० चं केलं, दुकानातबी दिसायलंय. पासवर्ड कारखान्याचाच होता, बदलला. टॅलीचं रिमोट लॉगिन भाचा रविवारी बघणार आहे.

आता एकच राहिलं. रात्री लाइट गेली की कॅमेरे दिसत नाहीत. राउटर इन्व्हर्टरवर आहे, त्याचे दिवे चालू असतात, तरी नेट नसतं. टॉवरच बंद पडतो का काय?

रात्रपाळी_लातूर

टॉवरला बॅटरी असते, लगेच पडत नाही. स्लॅबवरच्या डब्ब्याला वीज कुठून येते ते बघा. खाली येणाऱ्या वायरीला जो आडॅप्टर आहे, तोच वरच्या डब्ब्याला करंट पुरवतो. बसवणारे तो जवळच्या कुठल्याही बोर्डात लावून जातात, आणि तो बोर्ड इन्व्हर्टरवर नसतो. राउटर, तो आडॅप्टर, डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय, चारही एकाच इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आणा. पीसीला वेगळा छोटा यूपीएस द्या, कारण लाइट जाताना इन्व्हर्टर बदली होतो तेवढ्यात तो रीस्टार्ट होतो, आणि डीव्हीआरचा रस्ता त्याच्यातूनच जातो.

गोदाकाठ

आमच्याकडंबी लाइट गेली की नेट जातं. आत्ता बघितलं, आडॅप्टर फ्रिजच्या बोर्डात आहे.