मदत हवी आहे: मोबाइलवर काढलेल्या १४८ पानांची डेजाव्यू फाईल कशी करावी?

प्रश्न

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विणकर संस्थेची जुनी स्मरणिका डेजाव्यूमध्ये (DjVu, स्कॅन केलेली पानं लहान फाईलमध्ये साठवण्याचा प्रकार) जपून ठेवायची आहे. मजकूर मराठी, मधली काही पानं तेलुगू, पानाची उंची साडेआठ इंच. मोबाइलवर १२ मेगापिक्सेलचे फोटो काढले आहेत. एकेक फोटो साडेतीन एमबीचा, म्हणजे एकूण ५०० एमबीच्या वर. डेजाव्यूलिब्र (अशा फाईल बनवणाऱ्या प्रोग्रामांचा संच) मधल्या सी४४ (c44) या प्रोग्रामने थेट जेपेग बदलले तर फाईल लहान होते, पण अक्षरांभोवती धूसर डाग येतात आणि कागदाचा पिवळेपणा तसाच राहतो. त्यातला दुसरा प्रोग्राम सीजेबी२ (cjb2) तर जेपेग घेतच नाही. कुठे चुकतंय?

उत्तर १

सी४४ फोटोंसाठी आहे. सगळं पान एकच चित्र धरून ते दाबतं, त्यात सगळ्यात आधी अक्षरांच्या कडा जातात. सीजेबी२ अक्षरांचे आकार साठवतं, पण त्याला निव्वळ काळं-पांढरं पान लागतं: पीबीएम किंवा एक बिटाचं टिफ. मधली पायरी राहिली आहे, ती स्कॅनटेलर (पानांचे फोटो सरळ आणि स्वच्छ करणारा प्रोग्राम) मध्ये करा.

फोटो आत घेताना ते डीपीआय (कागदाच्या एका इंचात किती पिक्सेल) विचारेल. मोबाइलच्या फोटोत बहुधा ७२ लिहिलेलं असतं, ते तसंच ठेवू नका. तसं ठेवलं तर ४००० पिक्सेलचं पान ५५ इंचांचं समजलं जातं आणि ६०० डीपीआयचं आउटपुट काढताना मेमरी संपते. हिशोब सोपा आहे: फोटोत पानाची उंची ३६०० पिक्सेल भरत असेल, तर भागिले साडेआठ, म्हणजे ४२०च्या आसपास. तोच आकडा द्या.

मग पानं सरळ करणं, मजकुराची चौकट, समास. आउटपुट काळं-पांढरं, ६०० डीपीआय. शिवणीकडे ओळी वाकल्या असतील तर डीवार्पिंग (वाकलेल्या ओळी सरळ करणं) हाताने करा: वरची रेघ पहिल्या ओळीच्या शिरोरेषेवर, खालची शेवटच्या ओळीवर.

'डीस्पेकल' मात्र बंद ठेवा, फार तर सगळ्यात सौम्य. ते बारीक ठिपके पुसतं, आणि त्याच्या लेखी अनुस्वारही ठिपकाच. 'नांव'चं 'नाव' झालं तर चालेल, पण 'वंदन'चं 'वदन' झालेलं नंतर सापडतही नाही.

मग प्रत्येक टिफवर सीजेबी२ चालवा, डीपीआय ६०० द्या आणि शेवटी त्याच संचातल्या डीजेव्हीएमने (djvm) पानं जोडा. फायलींना ००१, ००२ अशी नावं द्या, नाहीतर १ नंतर १० आणि १०० येतात.

उत्तर २

वरच्यात एक भर. सीजेबी२ला 'लॉसी' पर्याय देऊ नका. पर्याय न दिल्यास ते काहीही न गमावता दाबतं. लॉसीमध्ये दिसायला जवळचे आकार एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसू शकतो. देवनागरीत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकच आकार होतो, म्हणून शब्द सहसा वाचतात. (याच कारणाने आपली फाईल इंग्रजी पुस्तकाइतकी लहान होत नाही.) पण आकडे सुटे असतात. स्मरणिकेत सुताचे नंबर, देणग्यांचे तक्ते असणार. तिथे एका आकड्याच्या जागी दुसरा बसला तर कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय कळणार नाही. तेलुगू अक्षरांनाही शिरोरेषा नाही, तीही सुटीच.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. छायाचित्रांची चार पानं आहेत, त्यांचं काय? आणि काही फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले आहेत, ते चालतील?

उत्तर १

छायाचित्रांच्या पानांना सी४४च योग्य. स्कॅनटेलरमध्ये त्यांचं आउटपुट रंगीत ठेवा, जेपेग करून सी४४ला द्या आणि डीजेव्हीएममध्ये योग्य क्रमाने घाला. एकाच फाईलमध्ये दोन्ही प्रकारची पानं नांदतात.

व्हॉट्सॲपवर एचडी न निवडता फोटो म्हणून आलेलं पान साधारण १६०० पिक्सेलचं उरतं, म्हणजे तुमच्या उंचीला १९०पेक्षा कमी डीपीआय. त्यात अनुस्वार आणि रफार भरून जातात. तेच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून परत मागवा. स्कॅनर ॲपने आधीच पांढरे केलेले फोटोही नकोत, मूळ जेपेगच हवेत.

वाटताना लक्षात घ्या की डेजाव्यू बहुतेक मोबाइलवर वेगळ्या ॲपशिवाय उघडत नाही. संस्थेच्या सभासदांसाठी त्याच संचातल्या डीडेजाव्यूने (ddjvu) त्याच फाईलची पीडीएफ काढा. ती मोठी होईल, पण उघडेल.