डी ड्राइव्ह उघडेना, फॉरमॅट करा म्हणतंय, आत सगळी जॅकार्डची डिझाइनं आहेत

टॉवेलवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमचं इथं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचं काम आहे, कारखान्यातला डिझाइनचा डेस्कटॉप मी बघतो. विंडोज १०, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, तिचेच दोन भाग केलेत सी आणि डी. गेले काही दिवस काम करताना मधेच अडकायचं, माउस हलतोय पण क्लिक काहीच होईना, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि मग निळी स्क्रीन, त्यावर कर्नल डेटा इनपेज एरर असं. कधी कधी रिस्टार्ट केल्यावर बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणायचं, बंद करून परत चालू केलं की व्हायचं सुरू. काल दुपारी लाइट गेली, यूपीएसची बॅटरी उतरलेलीच होती, मशीन धाडकन बंद. आता सी चालतंय पण डी वर क्लिक केलं की वापरण्याआधी फॉरमॅट करा म्हणतंय. चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्रॅम) दिलं तर फाइल सिस्टिम रॉ आहे, चेक करता येत नाही असं उत्तर. दुकानात दाखवलं तर ते म्हणाले आधी फॉरमॅट मारू, विंडोज नवीन टाकू, मग रिकव्हरीचं बघू. डी मध्ये पार्ट्यांनी पास केलेल्या बॉर्डरची सगळी डिझाइनं आहेत ओ, बीएमपी (चित्राच्या फाइली) पण आणि जॅकार्ड म्हणजे नक्षी विणायच्या मशीनवर जाणाऱ्या फाइली पण. थोडी पेन ड्राइव्हवर आहेत, बाकी कुठंच नाहीत. काय करू सांगा.

सातरस्ता_हार्डवेअर:
दादा, फॉरमॅटला हो म्हणू नका आणि मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा. रॉ म्हणजे फाइली गेल्या असं नाही, विंडोजला त्या पार्टिशनची सुरुवातीची माहिती वाचता येईना एवढाच त्याचा अर्थ. फाइली बहुतेक जागेवरच असतात. पण सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत, म्हणजे तुम्ही विंडोज चालू ठेवलं की मरायला टेकलेल्या डिस्कवर सतत लिहिणं-वाचणं चालूच राहतं. डिस्क काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि फक्त क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून बघा. बूट होताना चेकडिस्क आपोआप सुरू व्हायला लागलं तर कुठलीही की दाबून थांबवा. मला त्यातले चार आकडे पाहिजेत: ०५ (बदलून घेतलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), सी५ आणि सी६ (वाचता न येणारे सेक्टर) आणि सी७ (केबलमधनं जाताना झालेल्या चुका). त्यावरनं कळेल डिस्क गेलीय का केबल.

रात्रपाळी:
रॅम पण बघा. रॅममध्ये दोष असला तर चुकीचा डेटा डिस्कवर लिहिला जातो, पार्टिशन बिघडतं आणि निळी स्क्रीनही येते, आणि आपण उगाच डिस्कला दोष देत बसतो. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर लावून ठेवा, डिस्क काढलेली असली तरी चालतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदी पण बघा, डिस्कच्या नावानं ७ नंबर असेल तर बॅड ब्लॉक, १५३ असेल तर वाचायला परत परत प्रयत्न करावा लागला, एनटीएफएसचा (विंडोजची फाइल सिस्टिम) ५५ म्हणजे फाइल सिस्टिम बिघडली. नुसता कर्नल पॉवर ४१ असेल तर त्यावरनं काही ठरवू नका, मशीन नीट बंद झालं नाही एवढंच तो सांगतो. आणि डी परत दिसायला लागलं की लगेच चेकडिस्क एफ (चुका दुरुस्त करायची सूचना) मारून घ्या.

टॉवेलवाला_सोलापूर:
सर खूप आभार. डिस्क काढून ऑफिसच्या मशीनला लावली. ०५ ला शून्य, सी५ ला १८, सी६ ला पण १८, सी७ ला २एफ३ असं काहीतरी आलंय. पिवळ्यात कॉशन लिहिलंय. काढताना बघितलं तर साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) केबिनेटच्या झाकणाखाली दाबून पार दुमडलेली, डिस्कच्या टोकाची लॉकची पट्टी तुटलेली, आणि आत सुताची धूळ एवढी की पंख्याच्या पात्यांवर थर बसलाय.

सातरस्ता_हार्डवेअर:
मग डिस्क आणि केबल दोन्ही आहे. ते आकडे हेक्समध्ये असतात, म्हणजे १८ म्हणजे २४ सेक्टर वाचता येईनात आणि २एफ३ म्हणजे ७५५ वेळा डेटा केबलमधनं जाताना खराब झाला. सी७ हा शक्यतो केबलचा आणि कनेक्टरचाच आजार असतो, बूट डिव्हाइस सापडत नाही ते पण त्यामुळंच होत असणार. केबल नवीन टाका, स्वस्तात मिळते. सी७ चा आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही, तो बघून घाबरू नका, फक्त पुढं वाढतोय का ते बघा. पण सी५ वाला प्रकार डिस्कच्या आतला आहे, तिच्यावर आता भरवसा ठेवायचा नाही.
रात्रपाळींचं रॅमचं बरोबर आहे, पण चेकडिस्कशी मी अजिबात सहमत नाही. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवायचं आहे, फाइली वाचवायचं नाही. जी नोंद वाचता येत नाही ती तो काढून टाकतो, आणि आजारी डिस्कवर हे केलं तर जे वाचलं असतं ते पण जातं. आधी कॉपी, मग दुरुस्ती, आणि दुरुस्ती कॉपीवरच.

पेंग्विन_काका:
कॉपी कशी करायची ते सांगतो, कारण इथं घाई केली की खेळ संपतो. नवीन डिस्क घ्या, तेवढीच किंवा मोठी, २ टीबीची घेतली तर निवांत. लिनक्सची लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरनं बूट करा, जुनी डिस्क माउंट करू नका (म्हणजे त्यात उघडू नका). डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम टाका, आणि लक्षात घ्या, डीडी (साधी कॉपी करणारा) नको, डीडीरेस्क्यूच. साधी कॉपी एका बॅड सेक्टरवर अडकून तिथंच दळत बसते, हा प्रोग्रॅम अडलेला भाग सोडून पुढं जातो, चांगला डेटा आधी काढून घेतो आणि अवघड जागी नंतर परत येतो. पहिल्या फेरीत त्याला खरवडायला (अडलेल्या जागी एकेक सेक्टर वाचत बसायला) लावू नका, ती सूचना मायनस एन अशी द्यायची, दुसऱ्या फेरीत तीन प्रयत्न द्या. मॅप फाइल (किती कॉपी झालं त्याची नोंद) नक्की ठेवा, आणि तिसऱ्याच कुठल्यातरी ड्राइव्हवर ठेवा, मधेच लाइट गेली तरी होतं तिथनं पुढं सुरू होतं. आपल्याकडं हे फार महत्त्वाचं.
सगळ्यात धोका कुठं तर कुठली डिस्क जुनी आणि कुठली नवीन यात. एसडीए, एसडीबी ही नावं दर बूटला बदलू शकतात, म्हणून डिस्कवरच्या स्टिकरचा सीरियल नंबर स्क्रीनवरच्या नंबरशी जुळवा आणि मगच एंटर मारा. उलटं झालं तर कोरी डिस्क जुनीवर चढते.
चांगली डिस्क असती तर तीन-चार तासांत झालं असतं, तुमची रात्रभर चालेल असं धरा. आत्ता सोलापुरात ऊन काय आहे ते बघताय, डिस्क केबिनेटबाहेर ठेवून समोर टेबल फॅन लावा. साध्या डिस्कची कमाल मर्यादा सहसा ६० अंश असते पण पन्नाशीच्या आतच ठेवा.
कॉपी झाली की जुनी डिस्क काढून ठेवा आणि कॉपीवर टेस्टडिस्क (बिघडलेली पार्टिशनं परत मिळवायचा प्रोग्रॅम) चालवा. त्यात ॲडव्हान्स्ड मध्ये डी चं पार्टिशन निवडून बूट मध्ये जा. एनटीएफएस स्वतःच्या बूट सेक्टरची (पार्टिशनच्या सुरुवातीच्या माहितीची) एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरवर ठेवतं. बूट सेक्टर बॅड आणि बॅकअप ओके दिसलं तर बॅकअप बीएस करा, म्हणजे ती प्रत मूळ जागी परत लिहिली जाते, बऱ्याचदा डी आहे तसं उघडतं. नाही उघडलं तर तिथनंच फाइलींची यादी काढून कॉपी करता येतात. फोटोरेक (फाइलींच्या खुणा ओळखून त्या काढणारा प्रोग्रॅम) हा शेवटचा उपाय, तो बीएमपी काढून देईल पण नावं आणि फोल्डर जातील, आणि मशीनच्या फाइली त्याला ओळखू येतीलच असं नाही.

टॉवेलवाला_सोलापूर:
काका, झालं! बूट सेक्टर बॅड, बॅकअप ओके असंच आलं होतं, डी उघडलं, फोल्डर जसेच्या तसे. बारा केबी वाचलं नाही म्हणतोय. मेमटेस्ट पण रात्री लावला, एरर शून्य. आता नवीन डिस्कवर चेकडिस्क मारू का?

सातरस्ता_हार्डवेअर:
आधी डी मधलं सगळं तिसऱ्या ठिकाणी कॉपी करा, मग मारा. ती बारा केबी कुठल्या फाइलीत होती ते नुसतं नाव बघून कळणार नाही, त्या जागी शून्य भरलेले असतात आणि फाइलीचा साइझ तोच दिसतो. म्हणून चालू ऑर्डरची डिझाइनं तरी एकेक उघडून बघा, मशीनच्या फाइली मागावर चढवायच्या आधी सॉफ्टवेअरमध्ये लोड करून बघा. यूपीएसची बॅटरी बदलून घ्या आणि सॉकेटचं अर्थिंग एकदा वायरमनला तपासायला सांगा. जुनी डिस्क महिनाभर तरी तशीच बाजूला ठेवा, फॉरमॅट करू नका, एखादी फाइल फाटकी निघाली तर तिच्यातनं परत काढायचा प्रयत्न तरी करता येईल.