बेळगाव की हुबळी-धारवाड? दोन्हीकडे राहिलेल्यांनो, अनुभव लिहा

आम्ही सध्या निपाणीत. यजमानांना बदलीसाठी बेळगाव किंवा हुबळी-धारवाड, एक नाव द्यायचं आहे. घरात सासूबाई आहेत आणि लेक यंदा पहिलीत जाईल. भाडं, पाणी, शाळा, शेजार, जे सोसलं-भोगलं ते मोकळेपणी लिहा.

अनगोळ, बेळगाव

हुबळीत बरीच वर्षं भाड्यानं राहिलो. आधी पाण्याचं बघा, बाकी सगळं नंतर. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड यायचं, तेही रात्री. नळ सूं सूं करायला लागला की आख्खा वाडा जागा. ही पाइप धरायची, मी एकेक घागर सरकवायचो, आणि पिंप भरेपर्यंत पहाट. 2008 साली दोन्ही शहरांत काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, पण शेजारच्या गल्लीत तेच असेल असं नाही. म्हणून मालकाला विचारू नका, समोरच्या घरातल्या बाईला विचारा.

हुबळीत कामधंदा जास्त, हे मात्र खरं. नैऋत्य रेल्वेचं मुख्यालय तिथं, घाऊक बाजारही मोठा. माझ्या भावाला बेळगावात मनासारखी नोकरी मिळेना, तिथं लगेच मिळाली.

धारवाड, निवृत्त शिक्षिका

ताई, तुमच्या सासूबाईंसाठी लिहिते. माझ्या सासूबाई खानापूरच्या. इथं आल्यावर पहिलं वर्ष त्या दुपारी दारात बसून राहायच्या. शेजारणी चांगल्या होत्या, डबा भरून पाठवायच्या, पण बोलणार काय? पुढं देवळातल्या भजनानं त्यांना बाहेर काढलं. अभंग मराठी आणि वचनं, म्हणजे लिंगायत संतांची पदं, कन्नड, दोन्ही एकाच पेटीवर. आता त्यांना बेळगावला चला म्हटलं तरी नको वाटतं. तरीही ते पहिलं वर्ष मी विसरलेले नाही. घरात त्यांच्या वयाचं दुसरं कुणी नसेल तर नीट विचार करा.

नोकरी हुबळीत असली तरी घर धारवाडात घ्या. हुबळी-धारवाड धावणाऱ्या चिगरी बसला वेगळी लेन आहे, त्यामुळे वीसेक किलोमीटरचं जाणं-येणं त्रासाचं होत नाही. हवा निवळ, झाडी भरपूर.

टिळकवाडी, बेळगाव

शाळेचं सांगतो. बेळगावात मराठी माध्यमाच्या शाळा अजून आहेत, पण कन्नड विषय सगळीकडेच शिकावा लागतो. 2015 चा कायदाच आहे. हुबळीत आमच्या भागात मराठी शाळा नव्हती. धाकट्याला इंग्रजीत घातलं, आणि आजोबांचं पत्र त्याला वाचता येईना. आम्हाला ते फार लागलं. परत येण्याचं मुख्य कारण तेच.

शहापूर, बेळगाव

पावसाचं कुणी बोलंना! जून ते ऑगस्ट इथं कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. खालच्या मजल्यावरचं घर घेऊ नका. हुबळीत त्या मानानं पाऊस कमी, पण एप्रिल-मेत उकाडा जास्त.

चिक्कोडी, वकील

उच्च न्यायालयाचं खंडपीठ धारवाडला असल्यानं सारखा जातो. बेळगावहून 75-80 किलोमीटर, रस्ता चांगला. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो. म्हणजे साहेबांची नेमणूक धारवाडला झाली तरी घर बेळगावात ठेवून काही महिने निभतील. पण कोल्हापूरकडचे पाहुणे वरचेवर येणारे असतील तर हेही धरा: सीमाप्रश्न तापला की एसट्या थांबतात, मग ते येणार कसे?

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना आज धारवाडचा अनुभव वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, भजन कुठल्या देवळात असतं? शिक्षिकाताई, सांगाल का? रविवारी आम्ही दोघी तिकडे जाऊन येतो.