एकदा विकलेला माल: छोट्या दुकानांतले तुमचे अनुभव

गेल्या महिन्यात इस्त्री घेतली. घराजवळच्याच दुकानातून, कारण ऑनलाइन मागवायचं म्हटलं की बाबा म्हणतात, "चार पावलांवर दुकान आहे, त्या माणसालाही पोट आहे." दुसऱ्या दिवशी चार शर्ट झाले आणि पाचव्याला इस्त्री गार. लाल दिवा लागतोय, पण तापायचं नाव नाही. डब्यासकट घेऊन गेले. मालक गल्ल्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "बिल?"

बिल म्हणजे काय, तर त्यांनीच कॅलेंडरच्या जुन्या पानामागे आकडा लिहून दाखवला होता, आणि तो कागदही मी पैसे देताना तिथेच ठेवून आले होते. मग त्यांनी पेपरमधून एक बोट बाहेर काढून भिंत दाखवली. 'एकदा विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही.' त्यातला 'नाही' तेवढा लाल रंगाने रंगवलेला.

तिथे काही सुचलं नाही. घरी येऊन शोधाशोध केली. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात हे स्पष्ट आहे: माल सदोष निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, तो परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. बिल न देणं हीसुद्धा. म्हणजे त्या पाटीचा लाल 'नाही' सदोष मालापुरता तरी फुकटचा आहे. (रंग आवडला नाही, नणंदेला पसंत पडलं नाही, याला हा नियम लागू नाही. तिथे दुकानदाराची मर्जी.)

कायद्यापेक्षा मला तो पेपर जास्त लागला. खाली घ्यायला किती वेळ लागतो?

तेव्हा लिहा तुमचंही. दोन अटी. दुकानाचं नाव नको. आणि पुण्याच्या एक ते चारचे विनोद नकोत, ते सगळ्यांना पाठ आहेत. मला तर भर सकाळी अकराला परत पाठवलंय.

*

बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आई, मावशी आणि मी गेलो होतो. आई सकाळची रानात पाणी धरून तशीच एसटीत बसलेली, पायात रबरी चप्पल. गादीवर बसलो. पोरगा समोर आला आणि पहिला शब्द, "रेंज काय?"

आई म्हणाली, आधी दाखवा तर. तो म्हणाला, "मावशी, रेंज सांगा म्हणजे तसलं काढतो."

तसलं. मग त्याने कपाटातल्या थप्पीच्या कडांवरून नुसता अंगठा फिरवला, पत्ते पिसतात तसा, आणि म्हणाला, यात बघा. एक घडी मोडली नाही. शेजारच्या गादीवर गाडीतून उतरलेलं कुटुंब बसलं होतं, त्यांच्यापुढे पाचसहा साड्या पदरासकट उलगडलेल्या आणि चहा यायचा होता.

आई काही बोलली नाही. पैशांची पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली आणि उठली. बस्ता तीन दुकानं सोडून पुढे झाला. बावीस साड्या, अहेराचे शर्टपीस, टॉवेल-टोप्या, सगळं. तिथल्या माणसाने आधी पाणी विचारलं, मग नवरीचं नाव.

*

वरचं वाचून लिहितोय, कारण तो अंगठा फिरवणारा पोरगा मी होतो. म्हणजे तोच नाही, पण तसाच. सहा वर्षं साडीच्या दुकानात काढली.

रेंज विचारायला आम्हाला शिकवलेलं असतं. मालक गल्ल्यावरून सांगायचा, "आधी पायाकडं बघायचं." चप्पल बघून ठरवायचं की कोणत्या गादीवर बसवायचं. आणि साडी उलगडायची नाही यामागे दुसरंही कारण असतं. दिवसभर मोडलेल्या घड्या रात्री दुकान बंद झाल्यावर आम्हीच घालायचो. नऊला शटर अर्धं खाली, आणि आत आम्ही साडेदहापर्यंत. त्याचे पैसे वेगळे नसायचे. दिवसभर गिऱ्हाईक असो नसो, बसायचं नाही. संध्याकाळी सहानंतर कोणी "फक्त बघतोय" म्हणालं की डोक्यात जायचं, खोटं कशाला बोलू.

तुमच्या आईंची माफी मागतो. ते दुकान माझं नसलं तरी.

*

(वरच्या दोन्ही लिहिणाऱ्यांना धन्यवाद. 'तसलं' या शब्दापाशी मी बराच वेळ अडकले होते. पुढचे येऊ द्या.)

*

माझं छोटंसं. एक्स्टेंशन बोर्ड, छापील किंमत ४५०. पैसे देताना सहज म्हटलं, बिल द्या. "बिल पायजे तर ८१ रुपये वर." का? "जीएसटी." अहो, छापील किमतीपुढे 'सर्व करांसहित' लिहिलंय ना तिथेच! त्यांनी बोर्ड हातात घेतला, चष्मा वर केला, वाचलं, आणि म्हणाले, "ते कंपनीनं लिहिलंय, मी नाही."

यावर काय बोलणार. बोर्ड तिथेच ठेवून आलो.

जाता जाता: २०० रुपयांच्या आतली खरेदी असेल आणि आपण मागितलं नाही, तर जीएसटीत नोंदणी असलेल्या दुकानदारालाही दरवेळी वेगळं बिल फाडावं लागत नाही. मागितलं तर मात्र द्यावंच लागतं. आपण मागत नाही, ही अर्धी गोष्ट आहे.

*

स्टेशनरीचं दुकान, रात्रीचे पावणेनऊ. (शाळेचे सगळे प्रकल्प मुलांना रात्रीच आठवतात.) कार्डशीट, गोंद, स्केचपेन, ६५ रुपये. फोनवरून दिले. माझ्या खात्यातून गेले, बँकेचा मेसेज आला, पण पैसे आले की बोलून सांगणारा त्यांचा डबा काही बोलेना.

"डबा बोलला नाही म्हणजे आले नाहीत."

मी मेसेज दाखवला. "असले मेसेज कुणी पण बनवतं ताई." हे मागे उभ्या चार माणसांदेखत. मुलगा चौथीत आहे, तो माझ्याकडे बघायला लागला. कार्डशीटची गुंडाळी दुकानदाराने परत आपल्या बाजूला ओढून घेतली. वीस मिनिटं आम्ही दोघं बाजूला उभे, जसं काही उधारी बुडवून पळणार होतो. शेवटी शेजारच्या दूधवाल्या काकांकडून सत्तर रुपये उसने घेतले आणि सामान सोडवलं.

नंतर वाचलं. दुकानाला पैसे पोहोचले नसतील तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असं रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक आहे. म्हणून वाट बघत बसले. आले नाहीत. सहाव्या दिवशी दुकानात गेले, तर ते वही न बघताच म्हणाले, "हो, तुमचे त्याच रात्री आले होते. डब्याचा रिचार्ज संपलेला." ६५ रुपये मोजून दिले. आणि वर, "तुम्ही त्या दिवशी उगाच तापलात."

सहा दिवस यांना माहीत होतं. मुलगा रोज त्याच दुकानावरून शाळेत जातो. एक हाक मारता आली नसती?

*

सुट्ट्यांऐवजी चॉकलेट देतात यावर एक गोष्ट सगळे सांगतात: कुणीतरी वर्षभर चॉकलेटं साठवली आणि त्याच दुकानात ती देऊन साबण आणला, दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी खरंच करून बघितलं. चाळीस चॉकलेटं घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे एकेक निवडली, सव्वीस परत सरकवली आणि म्हणाले, "ही आपल्याकडची नाहीत." उरलेल्या चौदातली तीन वितळलेली. माझ्याच चेहऱ्याकडे लोक बघत होते.

दहाच्या नाण्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. 'चालत नाही' म्हणून सरळ ओट्यावर परत टाकतात. दहाच्या नाण्याच्या चौदाही नमुन्यांना मान्यता आहे, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं होतं. हे दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "मग रिझर्व्ह बँकेत जाऊन भाजी घ्या." उत्तर आवडलं, खरं सांगतो. नाणं पुढच्या भाजीवालीने घेतलं.

*

मिठाईवाला. खोकं काट्यावर, त्यात पेढे, काट्यावर अर्धा किलो. मी म्हटलं, दादा, खोक्याचं वजन वजा करा. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या घरच्या लग्नात जेवणाला नावं ठेवली. पण केलं: खोकं उचललं, काटा शून्यावर आणला, परत भरलं. तीन पेढे जास्तीचे बसले.

माझ्यामागे एक आजोबा होते. त्यांचे पेढे पुन्हा खोक्यासकट.

आजोबांना मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लोक खोळंबले होते. जिथे काटाच खोटा वाटतो तिथे बघायची गोष्ट म्हणजे वैधमापन विभागाचं पडताळणी प्रमाणपत्र. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी फेरतपासणी करून घ्यावी लागते. इथे काटा खरा होता, माणूस हुशार होता.

*

दुकानदाराच्या बाजूने कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहिते. माझ्या बाबांचं तालुक्याच्या गावी चप्पल-बुटांचं दुकान आहे आणि ती पाटी आमच्याही भिंतीवर आहे.

चप्पल लग्नात मिरवून परत आणतात. "लागते हो, बदलून द्या." उलटी केली की तळाच्या नक्षीत अक्षता अडकलेल्या. पिवळ्या, हळदीच्या. बाबा त्या काडीने काढून टेबलावर ठेवतात आणि काही बोलत नाहीत. एकदा तर अक्षता आमच्याच नात्यातल्या लग्नाच्या निघाल्या, बाबा स्वतः तिथे जेवून आलेले. दुसरे येतात ते बुटाचा नंबर बघतात, घालून चार पावलं चालतात, डब्यावरच्या लेबलचा फोटो काढतात आणि "येतो" म्हणून जातात. ते येत नाहीत, आठवड्याने कुरिअरवाला येतो आणि त्यांचं घर कुठे म्हणून आम्हालाच विचारतो.

खरोखर चिकटवण सुटलेला बूट असेल तर घाऊक व्यापारी परत घेतो, नाही असं नाही. पण त्याचा माणूस फिरकणार दोनतीन महिन्यांनी, त्याला डबा हवा, बिल हवं, आणि बदली मिळाली तरी त्याच नंबरची मिळेल असं नाही. तोपर्यंत ते पैसे बाबांचे अडकलेले. म्हणून ती पाटी.

एवढं सांगून झाल्यावर हेही लिहायला हवं की बाबा खेकसतात. सकाळी दहा ते रात्री साडेनऊ, जेवण गल्ल्यामागेच, माणूस वैतागतोच. पण ते खेकसतात कुणावर? वस्तीवरून आलेल्या बायकांवर. ऊसतोड करणाऱ्या पोरांवर. हायस्कूलच्या सरांना किंवा बँकेतल्या साहेबांना "घ्यायचं असेल तर बोला" असं म्हटलेलं मी लहानपणापासून एकदाही ऐकलेलं नाही. थकवा माणूस बघून येतो का?

हे मी त्यांना विचारलेलं नाही. दुकानात उभी राहते तेव्हा वस्तीवरच्या बायकांना मीच पुढे होऊन चपला दाखवते, बास.

*

तक्रार केल्याने काही होतं का, असं कुणी विचारण्याआधी: माझं झालं. मिक्सरचं भांडं पहिल्याच दिवशी गळायला लागलं. दुकानदार म्हणाला कंपनीला विचारा, कंपनीचा फोन लागेना. मग १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, कंपनीकडून आठवड्यात फोन आला, भांडं बदलून मिळालं. दुकानदाराला मात्र त्याची झळ लागली नाही. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, समोरच्याला कळवून मिटवायला बघते.

निकाल हवा तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण पाचशेच्या वस्तूसाठी तारखांना कोण जाणार, हे दुकानदारालाही पक्कं ठाऊक असतं. हातात बिल असेल तर निदान बोलायला तोंड राहतं.

*

(धागा मी सुरू केला म्हणून इस्त्रीचं काय झालं ते सांगते.

तुमचं सगळं वाचून काल पुन्हा गेले. कायद्याचा तो परिच्छेद कागदावर लिहून नेला होता, मराठीत. खरेदीला सतरा दिवस झाले होते. पेपर होताच. मी कागद पेपरच्या आणि त्यांच्या मधे धरला. त्यांनी वाचला. दोनदा. "तुम्ही वकील का?" नाही म्हटलं, शिक्षिका. "कुठल्या शाळेत?" सांगितलं. त्यांची नात माझ्या शाळेत निघाली, पाचवी ब. मग पेपर खाली आला, स्टूल आलं, पोऱ्याला आतून नवा डबा काढायला सांगितलं, इस्त्री पिनला लावून माझ्यासमोर तापवून दाखवली. थेंब टाकला, चर्र झालं. नातीचं गणित कसं आहे यावर दहा मिनिटं बोललो. गणित बरं आहे तिचं.

म्हणजे मला इस्त्री कायद्याने मिळाली की पाचवी ब ने, हे काही कळलं नाही. घरी येऊन पिशवी रिकामी केली. इस्त्री होती, डबा होता, वॉरंटी कार्ड होतं, बिनशिक्क्याचं. बिल मागायचं मी पुन्हा विसरले होते.)